सहाशे शब्दांतलं धाडस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मूल वाचायला शिकलं, असं आपण नेमकं केव्हा म्हणतो? अंकलिपी संपते, बाराखडी पाठ होते, बसमधून जाताना दुकानांच्या पाट्या मोठमोठ्यानं वाचून होतात आणि घरची माणसं सुटकेचा नि:श्वास टाकतात. याला आता वाचता येतं, चला, एक काम झालं! पण खरी पंचाईत तिथूनच सुरू होते. सात-आठ वर्षांच्या त्या मुलाच्या हातात आता द्यायचं काय? चित्रांची पुस्तकं त्याला ‘बाळांची’ वाटू लागलेली असतात. मोठ्या भावाच्या कपाटातली जाड पुस्तकं उघडावीत, तर पहिल्याच पानावर मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं. मूल ते पुस्तक मिटतं आणि खेळायला पळतं. त्यातली काही मुलं पुन्हा पुस्तकाकडे वळतच नाहीत.

या मधल्या वयासाठी अमेरिकेत पुस्तकांचा एक वेगळा प्रकार तयार झाला. पानं साठ-ऐंशी किंवा थोडी अधिक, अक्षर मोठं, वाक्यं आखूड, अधूनमधून चित्रं आणि मजकुराची दहा-बारा छोटी प्रकरणं. गोष्ट बहुधा धाडसाची. तिकडे त्यांना ‘चॅप्टर बुक’ म्हणतात. आपण ‘प्रकरणांचं पुस्तक’ म्हणू. शंभरेक वर्षांच्या या वाटचालीत अनेक लेखक, संपादक आणि प्रकाशक भेटतात. त्यांच्यात मला सगळ्यात जवळची वाटते ती एक शाळामास्तरीण. तिचं नाव गर्ट्रूड चँडलर वॉर्नर.

कनेटिकट राज्यात पटनम नावाचं गिरण्यांचं एक लहान गाव आहे. तिथे १८९० साली या बाईंचा जन्म झाला. घर रेल्वे स्टेशनच्या समोर. दिवसभर गाड्यांची ये-जा. मालगाडीच्या शेवटी गार्डचा डबा असे. त्याच्या खिडकीतून आतली शेगडी, तिच्यावरचं कॉफीचं भांडं, लहानसं टेबल असा सगळा चिमुकला संसार दिसे. त्या डब्यात राहायला मिळालं तर, हे स्वप्न ही मुलगी बघत बसायची. प्रकृती मात्र नाजूक. सतत घशाची, छातीची दुखणी. त्यापायी तिला शाळाही पुरी करता आली नाही. पुढे १९१८ साली, पहिल्या महायुद्धामुळे शिक्षकांची वानवा असताना, गावच्या शाळेनं तिला पहिलीच्या वर्गावर बोलावून घेतलं. सकाळी चाळीस मुलं, दुपारी आणखी चाळीस. चार दिवसांची सोय म्हणून सुरू झालेलं हे काम तिनं १९५० पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षं केलं. सगळी वर्षं पहिलीच्याच आसपास. मोठ्या वर्गावर जाण्याला ‘बढती’ समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एकदा आजारपणात अंथरुणावर पडून राहावं लागलं, तेव्हा तिनं ठरवलं की आता स्वत:ला आवडेल अशी एक गोष्ट लिहायची. लहानपणचं रेल्वेच्या डब्याचं वेड वर आलं. १९२४ साली रँड मॅकनॅली या प्रकाशनानं ती गोष्ट छापली. नाव ‘द बॉक्सकार चिल्ड्रेन’, म्हणजे मालगाडीच्या डब्यातली मुलं. (मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे ‘वाघीण’ म्हणतात. ‘वॅगन’चं हे मराठी रूप मला फार आवडतं. पण पुस्तकाचं नाव ‘वाघिणीतली मुलं’ ठेवलं, तर वाचक भलतंच काही समजून बसतील!)

गोष्ट साधी आहे. हेन्री, जेसी, व्हायलेट आणि पाचेक वर्षांचा बेनी ही चार पोरकी भावंडं. आजोबा आहेत, पण ते दुष्ट आहेत अशी मुलांची समजूत. त्यांच्या तावडीत सापडू नये म्हणून ती पळतात. एका बेकरीत रात्रीपुरता आसरा घेतात. तिथली बाई मोठ्या तिघांना कामाला ठेवून धाकट्याला अनाथाश्रमात धाडायच्या विचारात आहे, हे त्यांच्या कानावर पडतं. मग रात्रीच्या रात्री पुन्हा पळ. दिवसा गवताच्या गंजीत झोपायचं, रात्री चालायचं. शेवटी एका रानात, भर पावसात, गंजलेल्या रुळावर उभा असलेला जुना लाल डबा त्यांना सापडतो. तेच त्यांचं घर होतं.

पुस्तकाची खरी गंमत इथून पुढे आहे. चोर नाही, दरोडेखोर नाही, खजिन्याचा नकाशा नाही. पाइन झाडाच्या सुयांचं अंथरूण. कचऱ्याच्या ढिगातून शोधून आणलेली कपबशी, त्यात बेनीसाठी एक तडा गेलेला गुलाबी कप. दुधाची बाटली गार राहावी म्हणून धबधब्यामागच्या खळगीत ठेवायची युक्ती. पायात काटा रुतलेला एक कुत्रा. मोठा हेन्री गावात जाऊन डॉक्टरांच्या बागेत काम करतो आणि चार पैसे आणतो. ओढ्याला बांध घालून पोहायचं डबकं तयार होतं. आणि हो, याच डब्यात मोठी भावंडं बेनीला वाचायला शिकवतात, हातानं तयार केलेल्या पुस्तकातून! वॉर्नरबाईंमधली मास्तरीण सुट्टीवर असतानाही सुट्टीवर नसायची. पुढे व्हायलेट तापानं फणफणते, डॉक्टर येतात, आजोबा भेटतात, ते चांगलेच निघतात आणि तो लाल डबा त्यांच्या बागेत आणून ठेवला जातो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. १९२४ चं हे पुस्तक पहिलीतल्या मुलांना वाचता येण्यासारखं नव्हतं. बाई वर्गात गोष्ट वाचून दाखवत होत्या. मुलांना ती आवडत होती, पण पुस्तक हातात दिलं की गाडी अडत होती. तेव्हा बाईंनी स्वत:चंच पुस्तक पुन्हा लिहायला घेतलं. मुलांपुढे वाचायचं, कुठे अडतात ते बघायचं, वाक्य मोडायचं, पुन्हा वाचायचं. १९४२ साली नवी आवृत्ती निघाली. पुस्तकाची एकूण लांबी सुमारे पंधरा हजार शब्दांची, पण वेगवेगळे शब्द मोजाल तर सहाशेच्या आसपास. म्हणजे तेच सहाशे शब्द फिरून फिरून येतात आणि त्यांतून तेरा प्रकरणांची गोष्ट उभी राहते.

त्यांनी काय गाळलं आणि काय ठेवलं हे पाहण्यासारखं आहे. जुन्या आवृत्तीच्या आरंभी मुलांचा दारुडा बाप येतो आणि लगेच मरतो. नव्या आवृत्तीतून बाप गेला. गोष्ट थेट बेकरीच्या खिडकीसमोर, पाव बघत उभ्या असलेल्या चार मुलांपासून सुरू होते. मुलांचं आडनाव बदललं, वर्णनं गेली, पल्लेदार वाक्यं गेली. भूक मात्र राहिली. रात्रीचं पळणं राहिलं. आपल्याला कुणीतरी शोधतंय ही धास्ती राहिली. लहान भावाला आपल्यापासून तोडतील ही भीती तर पहिल्या प्रकरणातच राहिली. मला यात बाईंची सगळी समज दिसते. शब्द सोपे केले म्हणून त्यांनी गोष्ट बुळबुळीत केली नाही. भूक, भीती, पाऊस, भाऊ, घर हे मुळात लहानच शब्द आहेत. कुठल्याही भाषेत मूल ते सगळ्यात आधी शिकतं.

ग्रंथपाल मंडळींना हे पुस्तक पसंत पडलं नव्हतं. तक्रार अशी की या मुलांवर आईबापांचा धाक नाही आणि तरी ती मजेत आहेत. वॉर्नरबाईंचं उत्तर होतं, मुलांना पुस्तक आवडतं ते अगदी याच कारणानं. मला हे उत्तर पुरेसं वाटतं. धाडसाच्या बालगोष्टीत मोठी माणसं आधी वाटेतून दूर करावी लागतात. ती जवळ असली की छत्री घेऊन येतात, स्वेटर घालायला लावतात आणि धाडस तिथेच संपतं.

योगायोग पाहा. १९४२ सालीच इंग्लंडमध्ये एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’ मालिकेचं पहिलं पुस्तक निघालं. आपल्याकडच्या इंग्रजी शाळांत जाणाऱ्या कित्येक पिढ्या त्या पाचांवर वाढल्या. ब्लायटनबाईंच्या मागेही असेच टीकाकार लागले होते. शब्दसंग्रह तोकडा, मजकूर उथळ. खुद्द बीबीसीनं वर्षानुवर्षं त्यांच्या गोष्टींना नभोवाणीवर जागा दिली नाही, हे पुढे बीबीसीच्या दप्तरातल्या कागदपत्रांवरून जाहीर झालं. नभोवाणीवरूनच बोलत असल्यामुळे हे सांगताना मला जरा संकोच वाटतो आहे, पण इतिहास तो इतिहास.

वॉर्नरबाईंची १९४२ ची आवृत्ती छापली स्कॉट फोर्समन या कंपनीनं. ही कंपनी शालेय पुस्तकांची. १९३० नंतर अमेरिकेतल्या लक्षावधी मुलांनी ज्या ‘डिक आणि जेन’च्या वाचनमाला गिरवल्या, त्या याच कंपनीच्या. डिक आणि जेन ही शहाणी भावंडं. त्यांच्याकडे एक कुत्रा, एक मांजर, एक धाकटी बहीण. ती पळतात, बघतात, पुन्हा बघतात. शब्द मोजून मापून घातलेले, तेही पुन:पुन्हा येणारे. म्हणजे पद्धत तीच, जी वॉर्नरबाईंनी वापरली. फरक एवढाच की डिक आणि जेनला कधी भूक लागत नाही, कुणी त्यांच्या पाठी लागत नाही आणि पानावर काहीही घडत नाही. एकाच कंपनीच्या छत्राखाली ही दोन्ही पुस्तकं निघाली. त्यांतलं कुठलं शाळेत सक्तीनं वाचलं गेलं आणि कुठलं घरी पांघरुणात शिरून, हे सांगायला नकोच.

पुढच्या दशकात यावरून मोठं रण माजलं. १९५४ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात जॉन हर्सी यांचा एक लेख आला. हिरोशिमावरच्या वृत्तान्तामुळे जगभर नाव झालेले हेच ते हर्सी. कनेटिकटमधल्याच फेअरफील्ड गावच्या शाळा समितीत ते काम करत होते. मुलं वाचनात का अडखळतात, या प्रश्नाचं त्यांचं एक उत्तर असं होतं की वाचनमालांतली मुलं नको तितकी स्वच्छ आणि नको तितकी शिष्ट आहेत, चित्रं निर्जीव आहेत. मग डॉ. स्यूस यांच्यासारख्या कल्पक चित्रकारांकडून ही पुस्तकं का करून घेऊ नयेत? पाठोपाठ १९५५ मध्ये रुडॉल्फ फ्लेश यांचं ‘व्हाय जॉनी कान्ट रीड’ आलं. त्यांचा रोख वेगळा. अक्षर-ध्वनी न शिकवता अख्खे शब्द नजरेनं ओळखायला लावणाऱ्या पद्धतीवर त्यांनी हल्ला चढवला. तो वाद अमेरिकेत आजही पुरता निवलेला नाही. त्यात मी शिरत नाही, वेळ जाईल.

हर्सींच्या सूचनेतून प्रत्यक्ष काहीतरी घडलं, हे विशेष. हॉटन मिफ्लिन या प्रकाशनाच्या शालेय विभागाचे विल्यम स्पॉल्डिंग यांनी डॉ. स्यूस यांच्या हाती शब्दांची यादी दिली आणि सांगितलं, एवढ्याच शब्दांत असं पुस्तक लिही, की मुलाला ते खाली ठेववणार नाही. स्यूस महाशय आधी वैतागले. पुस्तकाला वर्षाहून अधिक काळ लागला. १९५७ साली ‘द कॅट इन द हॅट’ प्रसिद्ध झालं, अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत. बाहेर पाऊस, आई घरी नाही, दोन मुलं कंटाळून बसलेली आणि उंच टोपी घातलेलं एक मांजर घरात शिरून धुमाकूळ घालतं. पुन्हा तेच, मोठी माणसं बाहेर! हे काही प्रकरणांचं पुस्तक नव्हे, पण यादीच्या कुंपणातही दंगा करता येतो हे त्यानं सिद्ध केलं आणि प्रकाशकांचे डोळे उघडले.

त्याच वर्षी हार्पर प्रकाशनाच्या संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांनी ‘लिटल बेअर’ काढलं. लेखिका एल्से मिनारिक. जन्मानं डॅनिश, पेशानं पहिलीच्या शिक्षिका, पुन्हा एक मास्तरीण! चित्रं मॉरिस सेंडाक यांची. अस्वलाचं पिल्लू चंद्रावर जायला निघतं, वाढदिवसाचं सूप शिजवतं. धाडस घराच्या आसपासच, पण एका पुस्तकात चार वेगळ्या छोट्या गोष्टी, प्रकरणांसारख्या मांडलेल्या. या मालिकेचं नाव ‘आय कॅन रीड’. नावामागचा किस्सा असा सांगतात, की बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात एक मुलगा धावत आला आणि म्हणाला, मला आता वाचता येतं, मला वाचता येतील अशी पुस्तकं कुठे आहेत? तिथल्या बालविभागाच्या ग्रंथपाल व्हर्जिनिया हॅविलँड यांनी हे नॉर्डस्ट्रॉम यांच्या कानावर घातलं.

प्रकरणांचा उपयोग काय, हे मोठ्यांना चटकन कळत नाही. आपल्याला प्रकरण म्हणजे मजकुराची सोयीस्कर विभागणी. सात वर्षांच्या मुलाला ती पायरी असते. आज दोन प्रकरणं वाचली, हे ते सांगू शकतं. खूण घालून पुस्तक मिटू शकतं. थांबायला हक्काची जागा आहे म्हटल्यावर सुरू करायला भीती वाटत नाही. आणि प्रकरण नेमकं अशा ठिकाणी संपतं की थांबवत नाही. रूथ स्टाइल्स गॅनेट यांच्या १९४८ च्या ‘माय फादर्स ड्रॅगन’मध्ये हा खेळ फार सुरेख साधला आहे. एल्मर नावाचा मुलगा बांधून ठेवलेल्या ड्रॅगनच्या पिल्लाला सोडवायला रानटी बेटावर जातो. पोतडीत च्युइंग गम, गुलाबी लॉलीपॉप, रबरबँड असलं सामान. प्रत्येक प्रकरणात नवा प्राणी वाट अडवतो आणि पोतडीतली एकेक वस्तू कामी येते. उरलेल्या वस्तूंचं काय होणार, हे मूल मनात मोजत पुढे जातं. या बाई २०२४ साली गेल्या, वयाची शंभर वर्षं पुरी करून.

त्यानंतरचा इतिहास भराभर सांगण्यासारखा आहे, कारण तो बराचसा मालिकांचा आहे. १९७२ साली मार्जोरी वाइनमन शारमॅट यांचा ‘नेट द ग्रेट’ आला. पॅनकेक खात खात हरवलेल्या वस्तू शोधणारा हा छोटा गुप्तहेर. १९९२ साली मेरी पोप ऑस्बोर्न यांच्या ‘मॅजिक ट्री हाउस’चं पहिलं पुस्तक निघालं. जॅक आठ वर्षांचा, अॅनी सात. झाडावरच्या खोपटात त्यांना पुस्तकांचा ढीग सापडतो. चित्रावर बोट ठेवून ‘तिथे जावं’ म्हटलं, की थेट तिथे, डायनासोरच्या काळात. आरंभी फक्त चार पुस्तकं ठरली होती. पुढे ती अनेक पटींनी वाढली, दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. १९९९ च्या एका भागात ही भावंडं वाघांच्या मागावर भारतातल्या जंगलातही येऊन जातात. वॉर्नरबाईंनी स्वत: एकोणीस पुस्तकं लिहिली. १९७९ साली त्या गेल्या. १९९१ पासून इतर लेखकांनी ती मालिका पुढे नेली आणि आता संख्या दीडशेच्या पलीकडे गेली आहे. पटनममध्ये २००४ साली त्यांच्या नावाचं संग्रहालय उघडलं, तेही मालगाडीच्या खऱ्याखुऱ्या डब्यात. पण या पुढच्या पुस्तकांत मुलं लबाड माणसं पकडतात, गूढ उकलतात. मला विचाराल, तर पहिल्या पुस्तकातली ती दुधाची बाटली पुन्हा सापडत नाही. तरीही मालिकेला नाक मुरडू नये. दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा सोपं जातं, कारण माणसं ओळखीची असतात. पाचवं त्याहून सोपं. वाचनाचा सराव इतका स्वस्तात दुसऱ्या कशातूनही होत नाही.

हार्वर्डच्या जीन चॉल यांनी १९८३ साली वाचनाचे टप्पे मांडले, त्यात हे मधलं वय नेमकं पकडलं आहे. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं आणि चौथीपासून वाचून शिकायला लागतं. मधल्या काळात वाचन सहज झालं नाही, तर चौथीत इतिहास, भूगोल, विज्ञान सगळंच कोसळतं. अक्षरओळख आहे, पण एका वाक्यावर इतका दम जातो की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरली जाते. आपल्याकडे ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून होणारी ‘असर’ पाहणी काय दाखवते? ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर सरळ वाचता येतो. आणि हा दुसरीचा मजकूर म्हणजे असतो काय? एक छोटीशी गोष्ट.

मग मराठीत असं पुस्तक का नाही, हा प्रश्न आलाच. माधुरी पुरंदरे यांनी लहानांसाठी केलेली पुस्तकं आहेत. २००४ साली सुरू झालेल्या ‘प्रथम बुक्स’ची पातळ्या ठरवून काढलेली सचित्र पुस्तकं मराठीतही मिळतात. दुसऱ्या टोकाला भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, म्हणजे आपला फास्टर फेणे आहे. पण तो हाताला लागतो चौथी-पाचवीत. मधल्या पायरीवर, दहा-बारा प्रकरणांची, धाडसाची आणि स्वत:ची स्वत: वाचता येईल अशी पुस्तकं माझ्या पाहण्यात फारच थोडी आहेत.

अमेरिकेतली शब्दांची यादी आणून मराठीवर बसवावी, तर ती बसत नाही. इंग्रजीत मुलाला त्रास देतं ते स्पेलिंग. आपल्याकडे अक्षर लिहिलं तसं बरंचसं वाचता येतं, पण जोडाक्षराशी गाडी थांबते. शिवाय आपला एक शब्द एकच नसतो. ‘कुत्रा’ शिकलेल्या मुलाला लगेच ‘कुत्र्याला’ भेटतं, ‘रस्ता’ शिकलेल्याला ‘रस्त्यावरून’. सहाशे शब्द मोजायचे तर नेमके कुठले मोजायचे?

यावर आपल्याकडे काढलेला तोडगा म्हणजे जोडाक्षरविरहित पुस्तकं. (‘जोडाक्षर’ या शब्दातच एक जोडाक्षर बसलंय, हा भाग निराळा.) पहिल्या काही महिन्यांसाठी ती ठीक आहेत. पण धाडसाची गोष्ट जोडाक्षराविना लिहून बघा. रात्र नाही, रस्ता नाही. मित्र नाही आणि शत्रूही नाही. कुत्रा नाही, किल्ला नाही, सुट्टी नाही, रहस्य तर नाहीच. ‘मी’ चालतो, ‘आम्ही’ चालत नाही. ‘तो’ चालतो, ‘त्याला’ चालत नाही. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे कुणी काही ‘म्हणू’ शकतं, पण ‘म्हणाला’ म्हटलं की संपलं, आणि खरं तर ‘म्हणू’तही तोच अडसर आहे. अशा पुस्तकातली माणसं नुसती बोलतात, विचारतात आणि ओरडतात. आपल्या फास्टर फेणेच्या तर नावातच जोडाक्षर आहे, आणि त्याचं ते प्रसिद्ध ‘ट्टॉक’ जोडाक्षरानंच सुरू होतं!

काही वर्षांपूर्वी तिसरीच्या मुलांसाठी शनिवारी सकाळी वाचनाचा तास घेत असताना मी वॉर्नरबाईंच्या पुस्तकातली पहिली तीन प्रकरणं मराठीत, आखूड वाक्यांत उतरवून काढली. हातानं, मोठ्या अक्षरात. जोडाक्षरं मुद्दाम टाळली नाहीत. फक्त एक पथ्य पाळलं, बाईंचंच. कठीण शब्द एकदा आला की लवकर पुन्हा आला पाहिजे आणि मग पुन:पुन्हा. बोटानं ओळ धरून वाचणारी एक मुलगी होती. ‘म्हणाली’पाशी ती पहिल्यांदा थांबली, ‘म’ आणि ‘ह’ सुटे करून म्हणून बघितले, माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा थांबली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच पानावर तो शब्द आणखी चार वेळा होता. बेकरीतली बाई बेनीला अनाथाश्रमात धाडायचं बोलत होती आणि अंधारात तिन्ही भावंडं ऐकत होती. पान उलटलं, तेव्हा बोट ओळीवरून उठलेलं होतं. तिनं मान वर न करता विचारलं, ‘‘सर, बेनी झोपलाय ना? मग त्याला उचलून कोण नेणार?’’